रविवारचं वाचन

लातूर, बुधवार

प्रिय सिंधु,

रागावलीस ना? रागाव, तुझा हक्कच आहे. दिवाळी येऊन गेली आणि एकाही रविवारी मी तुझा फोन उचलला नाही. तुझ्या आरतीचे इंग्रजीचे धडे तसेच पडलेत, दहावीची तोंडी परीक्षा जवळ आली, आणि तिची हक्काची मावशी गप्प. मागच्या आठवड्यात तू मेसेज टाकलास, 'बाई आता लई मोठ्या झाल्या.' वाचून आधी हसू आलं आणि मग रडू आलं. मोठीबिठी काही झाले नाही गं. या शनिवारी तू आरतीला घेऊन लातूरला यावंस म्हणून हे पत्र. का, ते सांगते, पण मला माझ्या पद्धतीनं सांगू दे. मेसेजच केला असता, पण तुझा फोन घरात सगळ्यांच्या हातात फिरतो आणि हे आधी तू एकटीनं वाचायला हवं. आनंदराज कामासाठी नांदेडला निघालेत, तिथून नायगावला येऊन पत्र तुझ्या हातात देतील. त्यांना काही विचारत बसू नकोस. माझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नाही, लगेच चेहरा पडतो.

हल्ली घरीच असते, त्यामुळे शिवमूर्ती सर फार आठवतात. टेबलाच्या कडेवर बसून इंग्रजीतलं एक वाक्य वाचायचं, पुस्तक खाली करायचं आणि 'म्हंजी काय पोरानू?' म्हणून लगेच मराठीत अर्थ सांगायचा. एकही वाक्य अर्थाशिवाय पुढं गेलं नाही. सहलीला निघालो तेव्हा अहमदपूरच्या स्टँडवर औषधाच्या दुकानाची इंग्रजी पाटी दिसली, तर तीसुद्धा त्यांनी मोठ्यानं वाचून आपल्याला अर्थासकट समजावली. दुकानदार बघतच राहिला होता. आपण मागं तोंडावर ओढणी धरून हसत होतो.

आठवीत परिपाठाला त्यांनी तुला माइकसमोर उभं केलं ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. इंग्रजी सुविचार तुझा तूच लिहिलेला, पाठही होता, आणि तोंडातून अक्षर फुटेना. रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. नंतर पाण्याच्या टाकीमागं जाऊन तू रडलीस आणि म्हणालीस, 'माझ्याच्यानं बोलणं होत न्हाई. मी लिहिते, तू बोल.' मला काय, बोलायला आवडायचंच. आई म्हणायची, या पोरीचा आवाज उमरीपर्यंत जाईल. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, 'एकीनं लिहा, एकीनं बोला. नाव मात्र मी दोघींचं घेणार.' आणि घेतलं त्यांनी, दर वेळी.

लिहायला तू आमच्या वस्तीत यायचीस, विहाराच्या पायरीवर. मी तुझ्या घरी आले तर अंगणापर्यंत. तुझी आई तुला बोलवायला यायची ती रस्त्याच्या पलीकडं थांबूनच हाक मारायची. माझी आई तुझ्यासमोर चहाचा कप ठेवायची आणि म्हणायची, 'पी की गं, घरी सांगू नको बस.' तू प्यायचीस, ओठ पुसायचीस आणि पुढचं वाक्य लिहायचीस. पुस्तकातले सुविचार तुला चालायचे नाहीत. पावसानं झोडपलेलं सोयाबीन, स्टँडवरची म्हातारी, जे दिसेल ते तू इंग्रजीत घालायचीस. तुझ्याइतकं चांगलं इंग्रजी लिहिणारं मूल मला पुढं माझ्या वर्गातही भेटलं नाही. तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये.

दहावीतली ती सकाळ आपण दोघींनी कधी बोलून दाखवली नाही. शाळेला नवा भोंगा मिळाला होता आणि परिपाठ साऱ्या गावाला ऐकू जायचा. इंग्रजी कोणाला कळतंय, म्हणून तू निर्धास्त होतीस. तू लिहिलं होतंस की आमच्या घरात म्हशीला दुपारी विसावा आहे, माझ्या आईला नाही. मी ते खणखणीत वाचलं. आणि सरांनी वर्गातल्या सवयीनं माइक हातात घेतला, 'म्हंजी काय पोरानू?' म्हणाले आणि मराठीत अर्थ सांगून मोकळे झाले. वर तुझं नाव घेतलं, कौतुकानं. तुझे बाबा, भुजंगकाका, तेव्हा हॉटेलात चहा पीत बसले होते. माणसं त्यांच्याकडं बघून हसली म्हणे.

भुजंगकाका तसेच शाळेत आले. 'घरातलं भोंग्यावर सांगती व्हय? बास झाली शाळा.' परीक्षेपुरतं त्यांनी तुला सोडलं, तेही हेडमास्तरांनी हात जोडले म्हणून. निकालानंतर शिवमूर्ती सर तुमच्या घरी गेले. 'पोरगी लई हुशार हाय, अकरावीला अहमदपूरला धाडा,' म्हणाले. काका म्हणाले, 'शिकून काय करून राहिली ते ऐकलं की साऱ्या गावानं.' पुढच्या उन्हाळ्यात तुझं लग्न झालं. सर जेवले नाहीत, मांडवाच्या कडेला उभे राहून अक्षता टाकून गेले. त्यानंतर त्यांनी माइकवर कधीच अर्थ सांगितला नाही. तुझ्या आईबद्दलचं ते वाक्य खरं होतं, सिंधु, आणि तरी त्याची शिक्षा तुला झाली, याचं मला आजही वाईट वाटतं.

मी लातूरला आले, इंग्रजी शिकले, इंग्रजीच शिकवायला लागले. तुला सांगितलंय ना, इथं अकरावी-बारावीत इंग्रजी म्हणजे पास होण्यापुरता विषय. पोरं सकाळपासून डॉक्टरकीच्या क्लासला, माझ्या तासाला हजेरी लावायला चारदोन डोकी. त्यांच्यासमोरही मी धडा मोठ्यानं वाचायची. आनंदराज चिडवायचे, बाकांना तरी इंग्रजी येत असेल आता.

म्हणूनच आरती नववीत गेल्यावर तू रविवारी फोन करायला लागलीस, तेव्हा मला काय वाटलं ते तुला कळायचं नाही. इकडं मी धडा वाचायचा, तिकडं तू फोन स्पीकरवर ठेवून भाकरी थापायचीस. प्रत्येक वाक्यानंतर मी मुद्दाम थांबायची, आणि तुझा आवाज यायचा, भाकरीच्या थापांमधून, आरतीला अर्थ सांगणारा. एकदाही चुकली नाहीस. पण 'तू वाच की,' म्हटलं की लगेच तुला तव्यावरची भाकरी करपल्याचं आठवायचं. मागं आरती म्हणाली, मावशी, वर्गात उभं राहिलं की मला बोलता येत नाही. फोनवर तुझ्या भाकरीच्या थापा मधेच थांबल्या. मी ऐकत होते.

आता खरं सांगते. दिवाळीच्या आधीपासून माझा घसा बसला होता. शिकवून शिकवून बसला असेल म्हणून मी हळद-दूध पीत राहिले. शेवटी इथल्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं, तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर आहे. सोमवारी ऑपरेशन. स्वरयंत्र काढावं लागणार आहे. डॉक्टर म्हणतात जीव वाचेल, हा आवाज मात्र राहणार नाही. फोन उचलला असता तर पहिल्याच शब्दाला तू ओळखलं असतंस, म्हणून उचलला नाही. आनंदराजसमोर मी रडत नाही, तुझ्यासमोर रडेन. बोलू नका म्हणून सांगितलंय, तरी जो काही घोगरा आवाज उरलाय तो मी शनिवारसाठी राखून ठेवलाय. त्यात मला तुला एकदा 'सिंधे' म्हणून हाक मारायची आहे. आणि आरतीचा धडा या वेळी मी वाचणार नाही, तू वाचायचास, मोठ्यानं, तिच्यासमोर. चुकलीस तर सांगायला मी आहे, सोमवारपर्यंत. नांदेडला गाडी बदल, अहमदपूरवरून लातूरला येणारी कोणतीही चालेल. मग घरी परत गेलीस की दर रविवारी नेहमीसारखा फोन कर. मी उचलेन. हॅलो ऐकू आलं नाही तरी ठेवून देऊ नकोस, वाचायला लाग.

तुझीच,
लुंबिनी