सत्कार आधी, परीक्षा मागून

ती. आत्याबाई यांना पंकजाचा पाया पडून नमस्कार.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात 'पेपर गेला एकदाचा' असं मी लिहिलं होतं. पेपर गेला हे खरं आहे, पण तो माझ्याशिवाय गेला. ते वाक्य चार महिने घशाशी अडकलंय, म्हणून ते खोडून मगच विचारते, तुमचा गुडघा कसा आहे? (फोन करत नाही, कारण फोनला आप्पांचा कान लागलेला असतो.)

झालं असं. जुलैत पुण्याला जपानी भाषेची परीक्षा होती. ती पास झाले तर तिकडच्या म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायच्या कामाला माझा नंबर लागू शकतो. (लागू शकतो. लागलेला नाही. हा फरक आपल्या घरात मला एकटीलाच दिसतो.) आप्पांनी मात्र फाट्यावर बॅनर लावला, 'जपान येथे निवड झाल्याबद्दल कु. पंकजाचे हार्दिक अभिनंदन'. माझा फोटो लिंबाएवढा, शुभेच्छुकांचे कलिंगडाएवढे. निघायच्या दिवशी गल्लीतल्या नऊ घरांनी हातावर दही-साखर ठेवली. आठ घरचं खाऊन नववं कसं टाळायचं? मग बॅनरखाली नारळ. तो तीन दणके झाले तरी फुटेना. तेवढ्यात एसटी आली. ड्रायव्हरने गाडी थांबवली, पेढा खाल्ला, 'जपानात नाव काढ बाई' म्हणाला आणि गाडी घेऊन गेला. सगळ्यांनी हात हलवला. मीही हलवला. ती माझीच एसटी होती हे धूळ बसल्यावर लक्षात आलं. पुढच्या गाडीने परभणीला पोचले तोवर रेल्वे निघून गेली होती. घरीही 'पेपर गेला' एवढंच सांगितलं.

आमच्या सत्यशीला मॅडम परभणीहून मोबाईलवर जपानी शिकवतात. त्यांनी नेमका त्याच आठवड्यात अर्धवट कामांचा धडा घेतला. जपानी लोकांनी यासाठी वेगळी सोय केली आहे. क्रियापदामागे 'काकेरु' जोडलं की काम सुरू झालं, पण पुरं झालं नाही. 'योमिकाके' म्हणजे वाचता वाचता उपडं ठेवलेलं पुस्तक. आणि 'तोकोरो दात्ता' म्हटलं की गोष्ट अगदी होण्याच्या काठाला आली होती, झाली नाही. मॅडम म्हणाल्या, घरातली पाच उदाहरणं आणा. बाकीच्यांना दोन-तीन सुचली. मी एकोणतिसाव्याला थांबले, कारण वही संपली. न्हाणीची भिंत (गिलावा कमरेपर्यंत, सात वर्षांपासून). जीवनदादाची पदवी. 'औंदाचा हंगाम शेवटचा, फुडच्या साली कोयता धरायचा न्हाई' हे आप्पांचं वाक्य, वय वर्षे सहा. मॅडमनी लाल शाईत विचारलं, 'छान, पण ही सगळी एकाच घरातली?'

आता परीक्षा पुन्हा आहे. रविवारी, २२ नोव्हेंबरला. आणि आप्पांनी मी जपानला जाणार म्हणून माझा सत्कार ठेवला आहे. रविवारी, २२ नोव्हेंबरला. दुसरा दिवस चालत नाही, कारण सोमवारी ऊसतोडीची टोळी निघते, त्यात आई-आप्पाही आले. मुकादम योगीराजकाकांनी माझ्या कौतुकापायी टोळी आठ दिवस अडवून धरली आहे, म्हणजे चाळीस माणसं माझ्यासाठी घरी बसली आहेत. परीक्षेचं सांगायला मी चार वेळा तोंड उघडलं.

'आप्पा, ते रविवारचं...'

'शाल ना? गुलाबी आनलीय.'

'शाल न्हाई, मी काय म्हणायलेय...'

'पोरी, टोळी गेल्यावर टाळ्या कोन वाजवील? गावात म्हातारे अन् कुत्रेच ऱ्हातेत. माझ्या डोळ्यासमोर हू दे. फडात कोयता चालवताना तुला आठवीन, शालीतली.'

बोलायला सुरुवात करून मध्येच गप्प होणं, यालाही जपानीत शब्द आहे, 'इइकाकेरु'. या एका विषयात मी पहिली येईन.

परीक्षा जुलैत हुकली, आता पुन्हा हुकली तर जपानच्या कामाच्या यादीतून नाव काढू, असं तिकडून स्पष्ट कळवलं आहे. मग पुढच्या हंगामात आप्पांच्या मागे उसाच्या मोळ्या बांधायला मी असेन आणि फाट्यावर बॅनर तसाच अभिनंदन करत राहील.

बाकी सर्व क्षेम. काळजी करू नये, ती इकडे मी करतेच आहे.

तुमची
पंकजा

ता. क. सत्कारासाठी तुम्हाला आणायला आप्पा मलाच गंगाखेडला पाठवणार आहेत. मी त्यांना 'आणायला जाते' एवढंच म्हटलं आहे, 'घेऊन येते' असं म्हटलेलं नाही. दोनदा तपासून पाहिलं, यात खोटं सापडत नाही. तेव्हा शनिवारी तुम्ही एकट्याच एसटीने इकडे या (गुडघा लांब करता येईल अशी जागा धरा). मी तिथूनच रेल्वेने पुण्याला जाते.

ता. क. २. रविवारी माझ्या खुर्चीत तुम्ही बसायचं आहे. शाळेत घालायच्या आधी चुलीपुढच्या राखेत बोट धरून मला पहिला 'अ' तुम्ही काढायला लावलात, त्यामुळे शाल तशीही तुमचीच आहे. परीक्षा माझ्याशिवाय होऊ शकते, तर सत्कारही होईल. आप्पा तापतील. त्यांना म्हणा, पोरगी परीक्षेच्या बाकावर बसलीय, फडात तशी आठवा. टाळ्या मात्र थांबवू देऊ नका, माणसं आठ दिवस त्यासाठीच थांबली आहेत.

ता. क. ३. हेही होता होता राहील, असं तुमच्या मनात आलंच असेल. माझ्याही आलं. म्हणून नऊ घरांची दही-साखर गुरुवारीच एका फेरीत खाऊन घेणार आहे. नारळ फोडायचा नाही. ड्रायव्हरला पेढा मी चढल्यावर. सकाळी सातची एसटी, शुक्रवार, २० नोव्हेंबर.