एका टेबलावर तीन भाऊ

धामणगाव बढे, ८ नोव्हेंबर १९६७
मांडलं एकदाचं. जिनच्या ओट्यालगतच्या खोलीत मोठं टेबल, त्यावर तीन रंगांच्या चिठ्ठ्या. कापसातून सरकी काढायचं जिन दादा बघतो, सरकीच्या तेलाची गिरणी नाना, ट्रक आणि लिहिणं माझ्याकडे. मालकी तिघांची, म्हणजे कोणाचीच नाही, घराची. आजपासून माल कुठूनही कुठेही हलला की चिठ्ठी, आणि प्रत्येक चिठ्ठी या टेबलावर. सरकी किती, तेल किती, ट्रक कुठे, उद्या काय लागेल, सगळं एका जागी. पुण्याच्या कारखान्यात मी हेच करत होतो. इथे गेल्या वर्षी सरकी जिनमध्ये भिजत पडली आणि गिरणी सरकीवाचून बंद. मध्ये फक्त एक रस्ता!
दादा म्हणाला, "लिही बापा. पर मले वाचाले नको लावू."

१२ नोव्हें.
हमालांना 'जिन विभाग', 'गिरणी विभाग' सांगून घसा बसला. तुकाराम विचारतो, "इभाग म्हंजे कोन, मालक?" पुण्यात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. शेवटी सोपं केलं. चिठ्ठीवर छापून घेतलं : 'दादाकडून', 'नानाकडे'. तुकारामला चटकन कळलं. सगळ्यांनाच कळलं. स्वतःवर खूश आहे.

३ डिसें.
गिरणी एक दिवस बंद नाही. ट्रक मलकापूरहून रिकामा येत नाही. नाना टेबलापाशी येऊन बसतो, चिठ्ठ्या चाळतो, म्हणतो, "उद्या काय होनार थे आज समजून राह्यलं, शरद. बाबाले हे दिसाले पायजे होतं."
आणि दादा बाजारात सांगत होता म्हणे, "आमचा लहाना पुन्याहून अक्कल घेऊन आला." मला तोंडावर नाही सांगणार. ऐकून इतकं बरं वाटलं की उगीच बाजारातून दुसरी चक्कर मारली.

१९ डिसें.
कसं लिहू.
थोरल्या वहिनीच्या दोन म्हशी. त्यांना पेंड गिरणीतून जाते, मला आठवतं तेव्हापासून. कधी कोणी काट्यावर घातली नाही. आज तुकारामने गडीमाणसाला परत पाठवलं, चिठ्ठीशिवाय माल नाही म्हणून. हुकूम माझाच. थोड्या वेळाने वहिनी स्वतः आली. डोक्यावर पदर, हमालांच्या गर्दीतून. ती गिरणीत कधी येत नाही.
"शरद, माह्या म्हशी बी लिवून राह्यला का रे?"
म्हटलं, वहिनी, नुसती नोंद. पैसे थोडेच घेतोय.
"आंगठा कुठी लावू?"
माय गेली तेव्हा मी रांगत होतो. वहिनी नवी नवरी होती. तिने मला वाढवलं. मला तापात मांडीवर घेऊन बसायची, दादा ओरडला तर मध्ये पडायची. चिठ्ठी तिथेच फाडायला हवी होती. हमाल बघत होते. नियम सगळ्यांना सारखा, असं काहीतरी डोक्यात. मी बोटाने जागा दाखवली.

२१ डिसें.
वहिनीने पेंड बाजारातून आणवली. विकत.
जेवायला वाढलं, नेहमीसारखंच. भाकरी, ठेचा, वर तेल. पण "अजून घे" म्हणाली नाही. मी मुद्दाम ताटात हात फिरवत बसलो. नाहीच म्हणाली.

२३ डिसें.
माफी मागायला गेलो. गोठ्यात होती. म्हणाली, "तुहं काय चुकलं? धंदा हाय थो." म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

७ जानेवारी १९६८
नाना दुपारी चिठ्ठ्या घेऊन बसला होता. रंगांप्रमाणे गठ्ठे. मला वाटलं, पुढच्या आठवड्याचा अंदाज काढतोय.
"दादाकडे जिनच्या बैलांले माही पेंड किती गेली पाह्यली का? आनि तेल?"
म्हटलं, नाना, हे कशाला?
"भांडून नाई राह्यलो बे. फक्त पाह्यतो."
संध्याकाळी दादा आला. वाचायला लावू नको म्हणणारा दादा. "नाना काय पाहत होता? मंग माही सरकी बी पाह्य. तिच्यावरच त्याची गिरनी चालते."
माही. त्याची. आमच्या घरात मालाच्या बाबतीत हे शब्द मी याआधी ऐकले नव्हते. दोघांनाही सांगितलं, हे हिशेबासाठी नाही, कामाच्या सोयीसाठी आहे. नाना म्हणाला, "मंग चिठ्ठीवर नावं काऊन टाकले?"
तुकारामला समजावं म्हणून. हे उत्तर होऊ शकत नाही, हे बोलता बोलता मलाच कळलं.

१४ जाने.
नव्या चिठ्ठ्या छापून आणल्या. 'जिन', 'गिरणी'. नावं काढली. कोणी बघितलंही नाही.
तिळगूळ झाला. वहिनीने माझ्या हातावर ठेवला. गोड बोल एवढं म्हणाली. बोलणार कोण होतं?

२ फेब्रु.
दादा-नानाने वेगळं व्हायचं काढलं. मामा आले दुसरबीडहून, समेट करायला. तुटायचं नाही, आठ दिवस बसू पण जुळवून जाऊ, म्हणून कपडे बांधूनच आले होते बिचारे.
"बाबाच्या मांगं इतके वर्स टिकलं. आता काऊन तोडता रे?"
दादा रागात नव्हता. शांतपणे म्हणाला, "मामा, पह्यले तोडताच येत नव्हतं. कोनाचं किती, कोनाले ठाऊक होतं? आता शरदनं सारं मांडून ठेवलं."
त्याने ते कौतुकानेच म्हटलं. नानाने मान हलवली. दोघांचं कितीतरी दिवसांनी एका गोष्टीवर एकमत झालं.
जेवणाआधी वाटणी संपली. भांडण नाही, वकील नाही, एका आकड्यावर वाद नाही. जिन दादाला, गिरणी नानाला, ट्रक मला. मामा गठुडं न सोडताच संध्याकाळच्या एस.टी.ने परत गेले. गाडीत चढताना माझ्याकडे बघितलं.
मी ओट्यावर बसून रडलो. तुकाराम पाणी घेऊन आला. ठेवून गेला.

११ फेब्रु.
दादा-वहिनी जिनच्या आवारातल्या घरात राहायला गेले. म्हशी गेल्या. मी कोणाकडे जेवायचं, हे वाटणीत राहून गेलं. नाना म्हणतो इकडे, दादाचा निरोप तिकडे. दोन्हीकडे एकेक दिवस जाऊन बघितलं. दोन्हीकडे पाहुण्यासारखं पापड तळतात. हल्ली वेगळी खोली घेतली, तिथेच पिठलं करतो. जमत नाही.

१८ फेब्रु.
दादाची सरकी आज मलकापूरला गेली, विकायला. नानाने सरकी मलकापूरहून आणली. दोन्ही खेपा माझ्याच ट्रकने. ड्रायव्हर हसला. मी त्याच्यावर खेकसलो, मग वाईट वाटलं.
वहिनी दारात उभी होती ट्रक निघताना. हात केला. मला की ड्रायव्हरला, कळलं नाही.

२६ फेब्रु.
दुपारी दादा खोलीवर आला. बस म्हटलं, बसला नाही.
"शरद, जिनमंदी गडबड होऊन राह्यली. माल कुठी जाते समजत नाई. तुही थे पद्धत लावून दे. माह्या एकट्याची."
मला इतका आनंद झाला! म्हटलं, उद्या सकाळीच येतो, वहिनीला म्हणावं भाकरी टाकून ठेव.
"तसं नाई," तो म्हणाला. "काय घेशीन थे आधी सांग."
मी हसलो. तो हसला नाही. टोपी काढून परत घातली.
"परक्या मानसाले देतो त्याच्यापेक्षा कमी नाई देनार. उद्या सांग."
दादा गेल्यापासून विचार करतोय. फुकट म्हणालो तर तो मला बोलावणार नाही, ओळखतो मी त्याला. नाही म्हणालो तर वहिनीच्या घराची पायरी चढायला निमित्त उरणार नाही. आणि आकडा सांगितला, तर तो देईल.