जुन्या फौजदाराचं काय करायचं

सर, आज शुक्रवारची सुट्टी आहे आणि मी इथे आखातात, अल सुलैमधल्या आमच्या कामगार कॅम्पच्या किचनबाहेर पालथ्या बादलीवर बसून तुम्हाला लिहितोय. आत सगळे माझी वाट बघतायत. आमचा कॅम्प बॉस वाटेल तेव्हा पाणी तोडायचा, किचनला कुलूप घालायचा. तक्रारी झाल्या, कंपनीने त्याला हलवला. मॅनेजर म्हणाला, "अब अपना आदमी खुद चुनो. झगडा हुआ तो खलास, पुरानावाला वापस." सगळ्यात मोठ्याने मी ओरडलो होतो, म्हणून निवडला मला.

नववीत तुम्ही शिकवत होतात, गोऱ्यांचं राज्य गेलं तेव्हा त्या त्या देशांनी पहिलं सरकार कसं उभं केलं. "झेंडा एका दिवसात बदलतो, पण फौजदार तोच असतो. काल ज्याला तुरुंगात ढकलला, आज तोच मंत्री म्हणून येतो आणि फौजदार त्याला सलाम ठोकतो." मी ताडकन उभा राहिलो, "सर, पहिल्याच दिवशी हाकलायचा त्याला." वर्ग हसला, वर्गातलीच जिच्याशी आता मला लग्न करायचंय तीही हसली. तुम्ही म्हणालात, "बसा पंतप्रधान. रात्री चोर आला तर तुम्ही धावणार का?" मग माझ्या बाकाशी येऊन हळूच, "पहिलं सरकार घाबरलेली माणसं बनवतात रे. तुला भीती वाटत नाही, याचीच मला भीती वाटते." दिवाळीनंतर शाळा उघडली तर तुमच्या खुर्चीत दुसरेच सर. तुम्ही वारल्याचं आम्हाला शाळेच्या शिपायाने सांगितलं.

इथला फौजदार म्हणजे तिचा भाऊ, सर. आमच्याकडच्या सगळ्या पोरांना इकडे एकच एजंट पाठवतो. ज्याच्याशी मारामारी करून मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, तोच कॅम्पच्या दारात उभा. बॉसच्या किल्ल्या त्याच्या कमरेला, आमच्या चुगल्या त्याच्या तोंडून वर जायच्या. आता आत तो कोपऱ्यात मान खाली घालून बसलाय. मघाशी बांगलादेशी ड्रायव्हरचाचा म्हणाले, "निकालो उसको. हमारे मुल्क में भी पुराने अफसर रख लिए थे, आज तक भुगत रहे हैं." सुदानी इलेक्ट्रिशियन मोडक्या हिंदीत म्हणाला, "हमारा लोग सब निकाला. बाद में काम किसको मालूम नहीं." कुणीतरी मागून टोमणा मारला, "नेताजी का होनेवाला साला है, नेताजी क्या बोलेगा."

तिचा व्हॉइस मेसेज सकाळीच आलाय. "दादाला परत पाठवलं तर घरात खाणारे आम्ही चौघं, कमावणारं कुणी नाही. मग बाबा कुणाच्याही गळ्यात बांधतील मला. तू समजून घे." काढला तर कंपनी त्याला गावी धाडणार, आणि ती हातची जाते. ठेवला तर ही माणसं उठून जातील, भांडण होईल, आणि जुना बॉस परत दारात. आज मला भीती वाटतेय, सर.

तो राहील, पाण्याचा टँकर आणि मॅनेजरकडची कामं बघेल, पण किल्ल्या सुदान्याकडे. हेच सांगणार आहे आत. "का?" असं विचारतीलच. तेव्हा तुमचं नाव पुढे करीन, आमचे सर असं म्हणायचे म्हणून. हा कागद घडी करून खिशात ठेवतो, तुम्हाला पाठवणार तरी कुठे.

पण तो तिचा भाऊ नसता, तर तुमचं ऐकलं असतं का मी? खरंच माहीत नाही, सर. चाचा हाक मारतायत, आणि मला उठवत नाहीये.