लाल शाईतलं नाव

कार्डिफ,
१० ऑक्टोबर २०२५

चि. तनिषास,
आईचे अनेक आशीर्वाद. फोनवर मी जेवलीस का एवढंच विचारते, म्हणून पत्र लिही म्हणालीस, तर घे. तू युनिव्हर्सिटीचं वर्ष काढायला कोरियाला गेलीस आणि धाकट्या नकुलने तुझ्या खोलीत स्वतःची सायकल उभी केली. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माझ्या शिफ्ट्स वाढल्यात. बाकी ठीक.

सोबत तुझ्या घरमालकीण आजींना दिवाळीचं कार्ड. तू मेसेज केलेलं त्यांचं नाव फोन समोर ठेवून कोरियन अक्षरांत हुबेहूब काढलंय. गोल, काठी, चौकोन; रांगोळीच वाटली. शुभ म्हणून लाल शाईने, वर कुंकवाचं बोटही. त्यांचं हृदयाचं ऑपरेशन नीट पार पडू दे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
आई

गांगनंग,
२२ ऑक्टोबर

ति. आईस,
सा. न. वि. वि.
कार्ड मिळालं. हाल्मनी, म्हणजे आजी, अंगणात पर्सिमन सोलत होत्या. केशरी, टोमॅटोसारखी फळं. माळा करून छपराखाली वाळवतात, पण शेंड्यावरची पक्ष्यांसाठी सोडतात. मागचा डोंगर सगळा लाल झालाय, समोर समुद्र. मला वाटलं, तुला इथे खूप आवडेल.

त्यांनी हसत कार्ड उघडलं आणि चेहरा पांढरा पडला. कार्ड उपडं ठेवून आत गेल्या. इथेही हॅलोऐवजी जेवलीस का विचारतात. तेव्हापासून त्यांनी ते विचारलं नाही. आज त्यांच्या सुनेने सांगितलं, इथे जिवंत माणसाचं नाव लाल अक्षरांत लिहीत नाहीत. ते मेलेल्यांचं. आता हाल्मनी ऑपरेशनला नाही म्हणतात, आणि डॉक्टर म्हणतात, थांबणं धोक्याचं आहे.

मी आधी विचारायला हवं होतं. माझा चूक आहे. खूप भीती वाटते गं.

रागावू नकोस.
तुझी,
तनिषा

कार्डिफ,
३१ ऑक्टोबर

चि. तनिषास,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून फोन केला तर दोघी नुसत्या रडलो, म्हणून आता धडपणे लिहिते. आधी व्याकरण. चूक 'माझा' नसते, 'माझी' असते. आणि ही तुझी नाही, माझी आहे.

मी दिवसभर रक्ताच्या नळ्या हाताळणारी बाई. शाईने माणूस मरत नाही हे मला ठाऊक आहे. तेच स्वतःला पटवायला काल लाल पेन घेतलं. म्हटलं, तुझं नाव लिहून बघू. 'त' काढला आणि हात थांबला. पुढे लिहवेना. तो कागद फाडवेना, टाकवेना. शेवटी देवापाशी ठेवलाय.

हे त्यांना सांग. आमच्याकडे लाल बोट मंगल म्हणून कपाळी लावतात, हेही सांग. सोबत त्यांचं नाव काळ्या शाईत पुन्हा लिहून पाठवते. ऑपरेशनला जा असं मी कोण सांगणार? एकट्या घाबरू नका म्हणावं, कार्डिफमध्येही एकजण घाबरलेली आहे.

त्यांना जप, स्वतःलाही.
तुझी,
आई

गांगनंग,
११ नोव्हेंबर

ति. आईस,
सा. न. वि. वि.
तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. माझं कोरियन माझ्या मराठीहून वाईट, तरी 'त'ची गोष्ट कळली. म्हणाल्या, मुलीचं नाव अर्धं ठेवू नये, आईला सांग, पुढचं काळ्या शाईने पुरं कर. आणि हॉस्पिटलला न्यायची बॅग भरायला घेतली.

या पाकिटावर देवनागरीत तुझं नाव, 'मधुमती', त्यांनी लिहिलंय, माझ्या फोनवर बघून. 'म'ची गाठ सुटली आहे. जिवंत माणसाचं नाव आहे म्हणून तीन कागदांवर सराव केला.

उद्या सकाळी ऑपरेशन. काय झालं ते फोनवर कळवीनच. हे फोनवर सांगता आलं नसतं. आत्ताच त्यांना हॉस्पिटलला नेलं. माझा हात धरला तेव्हा त्यांची बोटं गार होती. गाडीत बसता बसता त्यांनी विचारलं, जेवलीस का. मी हो म्हटलं. खोटंच.

माझं नाव पुरं कर, आई. आजच.
तुझी,
तनिषा