निरोगी गटातली नळी

प्रिय ताई,

नमस्कार वगैरे राहू दे, आधी खाली बस. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवतेय. भाऊजींचा गुडघा कसा आहे?

उन्हाळ्यात तू इथे आलीस तेव्हा मी तुझं रक्त घेतलं होतं, आठवतंय? रक्त गोठल्यावर वर उरतं ते पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, तपासून आम्ही प्रयोगशाळेत कॅन्सरची चाहूल देणारी प्रथिनं शोधतो. तुलनेसाठी धडधाकट माणसं लागतात. कुणी मिळेना की आम्ही घरच्यांनाच धरतो. तू बाही वर सारत म्हणालीस, "घे बाई, मला काय धाड भरलीय!"

काल निरोगी गटातल्या एका नळीत त्यातलं एक प्रथिन भलतंच वाढलेलं दिसलं. नळ्यांची अदलाबदल केलीत म्हणून मी सगळ्यांवर ओरडले. पुन्हा तपासलं, तरी आकडा तोच. मग नळीवरचा क्रमांक नावांच्या यादीत शोधला. ती तुझी होती.

घाबरू नकोस. साध्या सुजेनेही ते वाढतं, खरंच. आमची तपासणी अजून कच्ची आहे. इतकी वर्षं ती बरोबर ठरावी म्हणून राबले, आणि काल ती चुकीची ठरू दे म्हणून हात जोडले.

पण हे पत्र मिळताच डॉक्टरांकडे जा. फोनवर मला रडू आवरलं नसतं, म्हणून कुरियरने पाठवतेय. आईला इतक्यात काही बोलू नकोस.

आमच्या प्रयोगशाळेचे सर म्हणाले, ती नळी निरोगी गटातून काढून टाक. मी साफ नाही म्हटलं.

तुझी,
धाकटी