शांत गल्ली, स्थळ क्रमांक नऊ

प्रति,
मा. अधीक्षक,
कमी परिचित स्थळे शाखा,
शहर पर्यटन कार्यालय,
दुसरा मजला (लिफ्ट बंद असल्यास जिन्याने)

विषय : स्थळ क्र. ९ 'शांत गल्ली' यादीतून वगळण्याची मागणी मागे घेऊन तिच्याऐवजी दुसरी, बिनखर्चाची विनंती करणेबाबत. (अर्ज पाचवा)

संदर्भ : १) आपली पुस्तिका 'पुन्हा आलात? मग हे बघा!' (दुसऱ्यांदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी कमी परिचित स्थळे व एक दिवसाच्या सहली)
२) अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज
३) आपल्या कार्यालयाची चार उत्तरे व प्रत्येक उत्तरासोबत आलेली उपरोक्त पुस्तिकेची एकेक मोफत प्रत

महोदय,

१. अर्जदार पियानो आणि अ‍ॅकॉर्डियन सुरात लावून देण्याचा धंदा करतो. सदर गल्लीत खाली कारखाना व वर राहते घर अशी त्याची चौतीस वर्षांची बैठक आहे. गल्लीचे एक तोंड बंद गिरणीच्या भिंतीने बुजलेले असल्याने तिथे वाहन येत नाही, आणि ज्याचे काम नाही असा माणूसही येत नसे. 'नसे' या शब्दाकडे साहेबांचे लक्ष वेधतो.

२. या संकटाचे मूळ अर्जदारच आहे, हे तो आधीच कबूल करतो. दोन वर्षांपूर्वी आपल्या शाखेतले एक कारकून मुलीचा अ‍ॅकॉर्डियन दुरुस्तीला घेऊन आले होते. बिचारे सज्जन गृहस्थ. पट्ट्या तपासून होईपर्यंत ते ताटकळले, म्हणून अर्जदाराने मोठेपणा मिरवायला त्यांना खिडकीशी बोलावून म्हटले, "ऐका. येतंय काही ऐकू? हीच आमची श्रीमंती." कारकुनांनी डोळे मिटले, "वाहवा" म्हणाले आणि खिशातून वही काढली. ते गेल्यावर अर्जदाराची पत्नी म्हणाली होती, "गप्प बसायची गोष्ट बोलून दाखवायची काय गरज होती?" तिचे ऐकले असते तर आज पाच अर्ज लिहायची वेळ आली नसती. पण आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेण्यात अर्जदाराचा हात धरणारा कोणी नाही.

३. पुस्तिकेत स्थळ क्र. ४ जुनी पंपशाळा, क्र. ६ बटणांचे संग्रहालय आणि सहल क्र. २ 'जिथून शहर अजिबात दिसत नाही अशी टेकडी' ही आहेत. त्यांच्या रांगेत क्र. ९ वर 'शांत गल्ली : शहरातली सर्वांत निवांत जागा, अजून कुणाला ठाऊक नाही' असे छापून आले. पुस्तिकेच्या बारा हजार प्रती निघाल्या. आता ती जागा बारा हजार लोक सोडून कुणाला ठाऊक नाही.

४. पाहुणे सकाळी नऊपासून येतात. शांतता खरी आहे की नाही, हे तपासायला ते टाळ्या वाजवतात. काही जण हाका मारून बघतात. मागच्या आठवड्यात एका बाईंनी खिडकीखालून विचारले, "अहो काका, शांतता इथेच आहे का अजून पुढे?" एक तरुण थेट कारखान्यात शिरला आणि म्हणाला, "जरा ते ठोकणं थांबवता का? आम्ही शांततेचा व्हिडिओ काढतोय." अर्जदाराने थांबवले. स्वभाव भिडस्त आहे.

५. दुसऱ्या अर्जावर आपण तत्परतेने आवाज मोजणारे निरीक्षक पाठवलेत, त्याबद्दल आभार. ते सोमवारी, म्हणजे पाहुणे येत नाहीत त्या दिवशी, सकाळी साडेसहाला आले. यंत्राचा काटा जेमतेम हलला. 'स्थळ वर्णनाप्रमाणे आहे' असा शेरा मारून त्यांनी गल्लीला 'ब' वर्गातून 'अ' वर्गात बढती दिली. तिसऱ्या अर्जानंतर गिरणीच्या भिंतीवर ध्वनिक्षेपक बसला. 'कृपया शांतता राखा' असे तो दर दहा मिनिटांनी तीन भाषांत ओरडून सांगतो. गर्दी आवरायला शिट्टीवाला मार्गदर्शकही नेमला गेला. भीक नको पण कुत्रा आवर, असे त्या वेळी अर्जदाराच्या मनात आले होते. अर्जात ते लिहिणे शोभणार नाही म्हणून तेव्हा लिहिले नव्हते.

६. इथवर सर्व गमतीचे होते असे समजावे. चौथा अर्ज पत्नीसंबंधी होता. मागच्या वर्षी तिच्या घशातली गाठ काढली. पूर्वी तिने जिन्यावरून हाक मारली तर गल्लीच्या टोकाचा शिंपी "आलो" म्हणायचा. आता तिचा आवाज कुजबुजीइतका उरला आहे. डॉक्टरांनी बजावले आहे, "रोज बोलत जा, पण हळू. जोर लावलात तर आहे तेही जाईल." गल्लीत जोवर शांतता होती तोवर अडचण नव्हती. जेवताना ती बोलायची आणि अर्जदार ऐकायचा. ध्वनिक्षेपक लागला आणि तिला जोर लावावा लागू लागला. महिन्याभरात तिच्या थुंकीत रक्ताचा डाग दिसला. त्या दिवसापासून तिने घरात तोंड उघडले नाही. पियानोच्या तारेतला केसभर फरक ओळखणाऱ्या माणसाला समोर बसलेल्या बायकोचे बोलणे ऐकू येऊ नये, याचे फार वाईट वाटते. अर्जात वाईट वाटल्याचे लिहीत नाहीत, हे ठाऊक आहे. तरी लिहितो.

७. त्यावर आपले उत्तर आले : 'घशाचा विषय आरोग्य खात्याकडे वर्ग केला असून तोवर आपल्या पत्नीने पाटीवर लिहावे.' पाटी आणली. पत्नीने त्या पाटीवर एकच वाक्य लिहिले. ते सरकारी कागदावर उतरवण्याजोगे नाही.

८. याच उत्तरात आपण नियम बारा कळवलात : कमी परिचित स्थळ यादीतून वगळायचे असेल तर ते आधी सुपरिचित व्हावे लागते. अर्जदाराला वाटले, सुटलो. गल्लीची जाहिरात स्वतःच करावी म्हणून त्याने फलकही रंगवायला टाकला. मग आपल्या कार्यालयाच्या खिडकीवर सहज चौकशी केली, की गल्ली सुपरिचित झाल्यावर पुढे काय होते. आपले कारकून आनंदाने म्हणाले, "मग तुम्हाला रोज संध्याकाळी बॅण्ड मिळेल." अर्जदाराने फलक रद्द केला.

९. आता मुद्द्याचे. चौथा अर्ज द्यायला पत्नीही सोबत आली होती. आपल्या कार्यालयातून बाहेर पडताना (लिफ्ट बंद होती) तिचे पाय दुखू लागले. समोर शहराचा मुख्य मनोरा आहे. तोच, जो प्रत्येक बसवर, प्रत्येक पाकिटावर आणि आपल्या शिक्क्यातही आहे. गेली कित्येक वर्षे आम्ही दोघे तिकडे फिरकलो नव्हतो. मुख्य स्थळ म्हटल्यावर चेंगराचेंगरी असणार, हे गृहीतच होते. बसायला जागा मिळेल म्हणून आत शिरलो, तर तिकीटवाला दचकून जागा झाला. "चार दिवसांत तुम्हीच पहिले," तो म्हणाला. "सगळे तिकडे जातात ना, कुणाला माहीत नसलेलं बघायला."

१०. मनोऱ्याच्या पहिल्या मजल्यावर जाड दगडी भिंतींची खोली आहे. तिथे एक बाक आहे. आम्ही बसलो. पाच मिनिटांनी अर्जदाराच्या कानाशी आवाज आला, "तुम्ही उलटा स्वेटर घातलाय." दोन महिन्यांत तिचे हे पहिले वाक्य. ते संपूर्ण ऐकू आले. मग ती दीड तास बोलत होती. दोन महिन्यांची सगळी थकबाकी तिने वसूल केली : गॅसवर राहिलेले पातेले, विसरलेली औषधे, थोरल्या जावेला पाठवलेले कोरडे पत्र, आणि कारकुनापुढे मारलेली ती बढाई. अर्जदाराने एकाही आरोपाचा इन्कार केला नाही. इतके सुख त्याला बऱ्याच दिवसांत लाभले नव्हते.

११. तेव्हापासून आम्ही रोज अकरा ते एक तिथे बसतो. डॉक्टरांनी घसा बघून "आता ठीक चाललंय, असंच चालू द्या" असे सांगितले आहे. तिकीटवालाही आता हळू बोलतो. त्यानेच परवा बातमी दिली, की मनोऱ्याकडे कोणी येत नाही हे आपल्या कार्यालयाच्या ध्यानात आले असून नव्या आवृत्तीत तो 'विसरलेला मनोरा' म्हणून स्थळ क्र. १ वर घेण्याचा प्रस्ताव आपल्या टेबलावर आहे. बातमी ऐकून पत्नी बाकावरून उठली आणि पुन्हा बसली.

१२. सबब विनंती की, गल्ली आपल्याला हवी तर ठेवा. ध्वनिक्षेपक ठेवा, शिट्टी ठेवा, पाहिजे तर बॅण्डही पाठवा. अर्जदार दुकान तिथेच चालवील आणि कानात कापूस घालील. मात्र मनोरा कमी परिचित करू नये. तो आहे तसाच जगप्रसिद्ध राहू द्यावा. त्याची चित्रे दुप्पट छापावीत, 'अवश्य पाहा' असे मोठ्या अक्षरांत लिहावे, शाळांच्या पुस्तकांत त्याच्यावर धडा घालावा. ही युक्ती पत्नीची आहे. तिचे शब्द जसेच्या तसे : "साहेबांना लिहा, मनोरा फार सुंदर आहे, प्रत्येकाने पाहायलाच हवा, असं सगळ्यांना सांगत सुटा. म्हणजे पाहुणेच काय, गावातलंही कुणी फिरकणार नाही."

१३. सदर अर्ज आपल्याकडे देण्यापूर्वी आज त्याच बाकावर तिला वाचून दाखवला. चौतीस वर्षांत अर्जदाराने लावलेल्या एकाही सुराला तिने "ठीक" याच्या पुढचा शेरा दिलेला नाही. आज शेवटपर्यंत ऐकून ती म्हणाली, "छान लिहिलंय." अर्जदाराने "काय म्हणालीस?" असे विचारले. तिने पुन्हा सांगितले. पहिल्या वेळीही स्वच्छ ऐकू आले होते, हे अर्जदार आपल्यापुढे प्रामाणिकपणे नमूद करतो.

निर्णय लेखी कळवावा. निरोप्या पाठवल्यास तो शिट्टी न वाजवणारा असावा.

आपला नम्र,
(सही)
पियानो लावणारा, शांत गल्ली
(अकरा ते एक या वेळेत : मुख्य मनोरा, पहिला मजला)

दिनांक : १९

सोबत :
१) डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत
२) पुस्तिकेच्या चार मोफत प्रती, साभार परत. कृपया पाचवी पाठवू नये.