दोन पंपांच्या गावाला

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

या शनिवारीही निघालो. आमचा वायरमन आणि मी, त्याच्या खडखड्या गाडीतून. लिफ्ट दुरुस्तीच्या धंद्यात माणूस दिवसाला साठ-सत्तर मजले प्रवास करतो आणि संध्याकाळी सकाळच्याच जागी उभा असतो. म्हणून सुट्टीत म्हटलं, जरा आडवं जाऊ.

बाबांना वाचून दाखवशील तेव्हा हे सावकाश वाच. आधी वाकडा पूल, मग चिमणीचं गाव, मग आंधळं वळण, मग दोन पंपांचं गाव. सगळं जागच्या जागी आहे. पंप समोरासमोर, मालक सख्खे भाऊ, बोलणं बंद. तरी एकाने आजारपणात पंप बंद ठेवला की दुसराही ठेवतो, उगाच भावाचं गिऱ्हाईक ओढलं असं कोणी म्हणायला नको. मग हायवेवर वीस ट्रक खोळंबतात आणि दोघांनाही शिव्या देतात.

तिथला पंक्चरवाला टायर बघून आत काय माल आहे ते सांगतो. आमच्या टायरकडे बघून म्हणाला, माल काही नाही, दोन कंटाळलेली माणसं आहेत. शेजारी चहा. तो उभ्यानेच प्यायचा, कारण बाकड्यावर मालक झोपलेला असतो.

दमलोय, पण बरं वाटलं. मावशीला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
ढब्बू

*

९ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. बाबांचं अंग पुसून, चादर बदलून, पेज भरवून झाल्यावर वाचलं. वाचताना त्यांचं लक्ष कुठे असतं ते आता मला कळतं. डाव्या हाताने चादरीची कड धरतात, आंधळ्या वळणाला घट्ट करतात, मग सोडतात. दोनदा वाचायला लावलं. फोनवर तुझा आवाज आला की त्यांना रडू फुटतं आणि मग दिवसभर घास गिळत नाहीत. पत्राचं तसं होत नाही. कागद उशीखाली ठेवतात. तेव्हा कंटाळा करू नकोस, लिहीत जा.

आणि वायरमनला सांग, टायरवरून माणसं ओळखणारा भेटला तर मलाही दाखवून आण. माझ्याकडे बघून म्हणेल, माल : तेवीस पँटी, चेन बदलायला.

आता बातमी. मावशी एकवीस-बावीसला येऊन राहते म्हणाली. शनिवार, रविवार, दोन्ही. मी दोनदा विचारलं तर चिडली, म्हणाली मी काय बाळंतिणी सांभाळल्या नाहीत का. बाबा अंथरुणाला खिळल्यापासून, अडीच वर्षांत पहिले दोन दिवस, ढब्बू. मशीनवर बसले की हसू येतं मधेच.

आणि मी कुठे जाणार ते ठरलंय. दोन पंपांच्या गावाला. तुला माहीत आहे, सुट्टी लागली की बाबा तुला केबिनमध्ये घालून न्यायचे आणि मी आईजवळ. मुलीला ट्रकमध्ये झोपवायचं कुठे, असं आई म्हणायची. तिचंही चूक नव्हतं. पण रस्ता मला तुझ्याइतकाच तोंडपाठ आहे आणि मी त्यातलं एक झाडसुद्धा पाहिलेलं नाही. एकेचाळीस वर्षांची झाले.

अडचण एकच. बाबांनी आयुष्यात कुठल्या गावाला त्याच्या नावाने हाक मारली नाही. दिसेल ते नाव. ‘दोन पंपांचं’ म्हणून तिकीट मिळतं का? खरं नाव कळव. आणि तूही ये. तुला-मला निम्म्या वाटेवर पडेल. बाकड्यावरच्या माणसाला उठवू आणि बसून चहा पिऊ.

पोटाला वेळेवर खा. आठवण ठेव, तेवढ्यावर आमचं भागतं.

ताई

*

१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मावशी येतेय हे छान झालं. पण एवढे दोन दिवस मिळालेत तर त्या धुळीत कशाला घालवतेस? तिथे बघायला काय आहे, दोन पंप. पंप तर आपल्या कोपऱ्यावरही आहे. त्यापेक्षा तलावाच्या शहरात जा. तिथे बागेत पाट्या आहेत म्हणतात, या झाडाखाली भांडू नये, त्या झाडाखाली भांडावे. मजा वाटेल.

मला जमणार नाही. एकवीसला इस्पितळाच्या लिफ्टची तपासणी आहे. तिथे स्ट्रेचर अडकलं तर माझी नोकरी जाते.

माया आहे ती राहू दे.

ढब्बू

ता. क. गावाचं नाव आता नेमकं आठवत नाहीये.

ता. क. २. खरंच तलावाकडे जा.

*

२४ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अ. आ.

मी तलावाकडे गेले नाही.

शनिवारी सकाळी सातला स्टँडवर. खिडकीतल्या माणसाला म्हटलं, दोन पंपांचं गाव. मागची रांग हसली. मग मी सगळं म्हणून दाखवलं, वाकडा पूल, चिमणी, आंधळं वळण. चारचौघांत, शाळेत कविता म्हणतात तसं. बाकावर एक म्हातारा कंडक्टर चपला काढून बसला होता. तो म्हणाला बसा माझ्या गाडीत, पण फाट्यावर सोडीन, आत बस जात नाही. का, तर बायपास झाला. कधी, तर नऊ वर्षं झाली.

वाकडा पूल लागलाच नाही. सरळ झालाय. चिमणी लांबून दिसली, तिच्यावर मोबाइलचे डबे. आंधळं वळण मी इतक्या लहानपणापासून ऐकतेय, की खिडकीला नाक लावून बसले होते. कंडक्टर म्हणाला, ते खाली राहिलं, आपण वरून आलो.

फाट्यावरून तीन किलोमीटर चालले. गाव आहे, माणसं आहेत, हायवे नाही. हायवे उचलून नेल्यावर खाली जे उरतं ते सगळं आहे. एक पंप म्हणजे नुसता सिमेंटचा ओटा, त्यावर कपडे वाळत होते. दुसऱ्यात मांडववाल्याच्या खुर्च्या रचलेल्या. चहाच्या ठिकाणी काही नाही, बाकडंही नाही. पंक्चरच्या दुकानात एक बाई शिलाई मशीनवर बसलेली. त्याची बायको. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली म्हणाली.

अकरा वर्षं, ढब्बू. आणि तू दोन फेब्रुवारीला मला कळवतोस की त्याने तुझा टायर पाहिला.

मी तिच्याकडे दोन तास बसले. दोघींनी मिळून एका जॅकेटची चेन बसवली. तिने सांगितलं, बायपास झाला तेव्हा दोन्ही भावांनी एकाच दिवशी पंप बंद केले. आता एकाच घरात राहतात, तरी बोलत नाहीत. जेवायला एकमेकांसाठी थांबतात मात्र. मुक्कामाला जागा नव्हती, बघायलाही उरलं नव्हतं, म्हणून संध्याकाळच्या गाडीने परत आले. रविवार घरीच. मावशी म्हणाली आलीस कशाला, आणि मी उशीचे अभ्रे धुवायला घेतले.

सोमवारी मशीन काढलं नाही. बाबांजवळ बसले आणि विचारलं, बायपास झालाय हे तुम्हाला माहीत होतं ना? मान हलली. निवृत्त होण्याआधी दीड वर्ष त्यावरूनच ट्रक नेला त्यांनी. म्हणजे ढब्बू खोटं लिहितो हे कधीपासून माहीत आहे? बराच वेळ तोंड जुळवत होते. मग म्हणाले, “पहिल्या पत्रापासून.”

मला राग आला. त्यांचा, तुझा, सगळ्यांचाच. मी म्हटलं, मग मला दोनदा-दोनदा कशाला वाचायला लावता? त्यांनी उशीकडे हात नेला. कागद बाहेर काढता येईना, तिथेच थोपटत राहिले.

“तेवढा तरी येतो ना,” म्हणाले.

पुढचं पत्र पाठवणार असशील तर मी वाचीन, मला काय, मी नुसतं तोंड आहे. पण एवढं कळव. त्या रस्त्यापासून तू मला पुन्हा एकदा का लांब ठेवलंस? माझे दोन दिवस होते ते. त्यातला एक मी तुझ्या थापेच्या मागे चालले, आणि दुसरा कपडे धुण्यात गेला.

आशीर्वाद आहेत. ते काही मी मागे घेत नाही.

ताई

*

२८ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार वगैरे वर लिहिलेला नाही, तो खाली वाकून केलाय असं समज. हा कागद लिफ्ट तपासणीच्या फॉर्मची मागची बाजू आहे. पुढे ‘आवाज’, ‘हिसका’, ‘दरवाजा पूर्ण बंद होतो का’ असे रकाने आहेत. तू भरू शकशील.

मी एकाही शनिवारी कुठे गेलो नाही. वायरमनकडे गाडी नाही. शनिवारी मी झोपतो. उठतो, आमटी गरम करतो, परत झोपतो. दर पंधरा दिवसांनी तुझं पत्र येतं की बाबा वाट बघतायत, मग मी टेबलाशी बसतो आणि मला काहीच सुचत नाही, कारण काहीच घडलेलं नसतं. पहिल्यांदा सहज केबिनमधलं एक आठवलं ते लिहिलं. म्हटलं ओळखतील आणि हसतील. तुझं उत्तर आलं की दोनदा वाचायला लावलं. मग तेच सुरू राहिलं. पंक्चरवाला, पंप, चहावाला, सगळं त्यांनीच मला दाखवलेलं. मी त्यांचाच माल त्यांना परत पाठवत होतो. तो तू उतरवून घ्यायला जाशील हे माझ्या डोक्यात आलं नाही. हीच खरी चूक. तुला रस्ता पाहायचा असेल, असं मला इतक्या वर्षांत कधी वाटलंच नाही. तुला विचारलंही नाही कधी. तू घरीच असायचीस. दार उघडलं की तू असायचीस.

एकवीसला तपासणी नव्हती.

मागे ऑक्टोबरात आलो होतो तेव्हा तू औषधं आणायला गेलीस. बाबा गादीवरून घसरायला लागले. माझ्याकडे बघत होते. मी साखळीने सहाशे किलोची वजनं उचलतो, ताई, आणि मला त्यांच्या काखेत हात घालता येईना. हाडं लागली हाताला. मी उशी लावली आणि तू येईपर्यंत भिंतीकडे बघत उभा राहिलो. दुपारच्या गाडीने निघालो, काम आहे म्हणालो. त्यानंतर आलो नाही. तुला वाटत असेल मला सुट्टी मिळत नाही. सुट्टी माझी साठून पडलीय.

शुक्रवारी, सहा तारखेला सकाळी येतो. दहा दिवस रजा टाकलीय, मंजूर झालीय. शुक्रवारी मला उचलायला शिकव. शनिवारी तू जा. कुठे ते मला सांगू नकोस, मी काही सुचवणारही नाही. नाहीतर परत झाडाखाली भांडायला पाठवीन.

माया मागायला तोंड नाही. जी शिल्लक असेल ती चालेल.

ढब्बू

*

८ मार्च, रविवार

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. इथून आपल्याकडे साडेअकराला गाडी निघते, तिच्या ड्रायव्हरला देतेय. त्याला घर समजावून सांगितलंय, निळं फाटक, आत शिलाई मशीनचा आवाज येत नसेल तरी तेच घर.

काल मावशी घरी डोकावून गेली आणि तिने मला फोन केला, तू बाबांना बारा वाजता एकट्याने कुशीवर वळवलंस म्हणाली. घामाने भिजला होता म्हणे, तू, बाबा नाही. दहा मिनिटं पायरीवर जाऊन बसलास तेही सांगितलं. बस. मी पहिल्या महिन्यात न्हाणीघरात जाऊन बसायचे, नळ सोडून.

मी बायपासनेच आले, पण पुढे. बाबांचा रस्ता जिथे संपायचा त्याच्या पलीकडे. इथे हायवेला एक ‘शेवटचं हॉटेल’ आहे. त्याच्या पुढे दीड किलोमीटरवर दुसरं आहे, त्याच्या पाटीवर लिहिलंय ‘तो खोटं बोलतो’. जेवण दोन्हीकडे सारखंच, कारण पातेली एकाच घरातून येतात. पुढच्या गावात एका न्हाव्याच्या दुकानातून दोन तालुक्यांची हद्द जाते. खुर्ची एका तालुक्यात, आरसा दुसऱ्यात. पट्टी मारलीय जमिनीवर. मी त्या पट्टीवर उभी राहिले जरा वेळ. न्हावी म्हणाला सगळेच राहतात.

पाय सुजलेत. लॉजमध्ये उशी दगडासारखी आणि सवयीने पहाटे चारला जाग आली, बाबांना वळवायला. उठून बसले. मग आठवलं आणि आडवी झाले. परत झोप लागली, साडेआठपर्यंत. मला शरम वाटायला हवी होती, वाटली नाही.

दुपारी तीनला त्यांना औषधाची अर्धी गोळी, पेजेतून, नुसती घेत नाहीत. पाठीला खालच्या बाजूला लाल डाग दिसला तर पावडर, घासायचं नाही. हे पत्र वाचून दाखव. मधेच थांबवलं तर थांब, ते विचार करत असतात.

ठरल्याप्रमाणे मी आज यायला हवं. साडेअकराची तीच गाडी आहे, समोर उभी आहे, माझी जागाही धरलेली आहे, खिडकीची. पण मघाशी ड्रायव्हरला घर समजावून सांगताना त्याने विचारलं, बाई, तुम्ही नाही का येत, आणि माझ्या तोंडातून गेलं, नाही. समुद्र इथून अजून चार तासांवर आहे म्हणतात.

बुधवारी येते. गुरुवारी म्हण.

रागावू नकोस, आणि रागावलास तरी पातळ पेज नीट ढवळून दे, गुठळ्या होतात. माझी माया आहेच, जरा लांबून येतेय इतकंच.

तुझी,
ताई